पलंग तुमचा, स्वयंपाकघर माझं

सास-फे, स्वित्झर्लंड

लाडके मिकाएला,

आजीला फोन करायचं विसरलीस, पण आमच्याकडे बर्फ कधी पडतो ते बरं लक्षात राहिलं तुझ्या. मी सांगतेय, शेजारची इल्डा लिहून घेतेय.

तू आणि तुझा नवरा स्कीइंगला येताय आणि हॉटेलात उतरताय, असं तुझी आई म्हणाली. अगं, त्याच हॉटेलात तीस वर्षं मी चादरी बदलल्या. माझ्याकडे या. पलंग तुमचा, मी स्वयंपाकघरात झोपेन. फक्त शनिवारी निघू नका, त्या दिवशी सगळ्या हॉटेलांतले पाहुणे बदलतात आणि बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

"नातीसाठी जीव तुटतोय, असं सरळ सांगा की," इल्डा म्हणाली.

"ते लिहायचं नाही हं."

वाचून दाखवलं, तर बयेनं नेमकं तेच लिहिलेलं. आता हे पत्र कसलं पाठवतेय मी?

तरी आईला सांग, लिस्बनहून खारवलेला मासा पाठव. जाड तुकडे हवेत, तिघांना पुरतील एवढे.

तुझी आजी,
देओलिंडा