हिरवी शाल

३ मार्च, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
आले एकदाची! खिडकीतून डोंगर दिसतो. खाली झेब्रा क्रॉसिंग, आणि तिथे शहाण्यासारख्या थांबणाऱ्या बिनड्रायव्हरच्या टॅक्स्या. आई सहा महिन्यांसाठी सोबत आली आहे. नागपुरातल्यासारखी हात वर करून रस्ता ओलांडते आणि टॅक्सी थांबली की तिला आशीर्वाद देते. माझी नोकरी याच टॅक्स्यांच्या कंपनीत. ऑफिसमागच्या टेस्टिंगच्या रस्त्यावर आमचीच माणसं क्रॉसिंगवरून येतात-जातात. त्या व्हिडिओत चौकटी आखून मी लिहायचं: हा माणूस, हे झाड, ही सावली. त्यावरून गाडी शिकते, कशासाठी थांबायचं आणि कशावरून सरळ जायचं. नोकरी हिमानीने लावून दिली. कॉलेजची मैत्रीण, आता माझी सीनियर, समोरच्याच इमारतीत राहते.

९ मार्च
हिमानी रोज टपकते. काकू काकू करत स्वयंपाकघरात घुसते आणि आई विरघळते. माझ्या वरणात मीठ कमी, हिने आणलेले विकतचे लाडू मात्र अमृत! वर मला ऐकवते की, शरयू, हिमानीकडून काहीतरी शीक. इथे तरी खरं लिहिते. मला ती सहन होत नाही.

१५ मार्च
आईने तिची हिरवी शाल हिमानीला दिली. बाबांनी आणलेली. दहावीपासून मी ती मागत होते आणि दर वेळी एकच उत्तर, तुझ्या लग्नात देईन. हिला दोन शिंका आल्या तर लगेच बॅग उघडली! मी हसत फोटो काढला. आतून नुसती जळत होते.

२१ मार्च
टेस्टिंगलाही तीच शाल मिरवते. आज व्हिडिओत आली. मी चौकट आखली आणि लिहिलं, सावली. गंमत म्हणून. मग पुढच्या व्हिडिओत. मग सगळ्याच. माझं काम हिमानीनेच तपासायचं असतं, पण ती म्हणते, तू घरची, तुझं मी न बघताच पास करते. कर म्हणावं. फार बरं वाटलं.

४ एप्रिल
आमच्या चौकटींवरून झालेलं नवं शिक्षण रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांत गेलं. हिमानी सांगत होती, क्रॉसिंगवर टॅक्सी इतक्या जवळून गेली की शालीचं टोक उडालं. हसत होती. मी त्या गाडीचं रेकॉर्डिंग उघडलं. त्यात गाडी जे ओळखते त्याभोवती स्वतःच चौकट आखते. कुत्र्याभोवती चौकट. कुत्र्याच्या मालकाभोवती चौकट. हिमानीभोवती काहीच नाही. आणि तिच्याजवळ येताना गाडीने वेग वाढवलेला.

६ एप्रिल
सांगायला हवं. पण नोकरी जाईल, व्हिसा जाईल, आणि आईला कळेल की मी — उद्या सांगते.

८ एप्रिल
नाही सांगितलं. काल ती स्वेटर घालून गेली तर टॅक्सी थांबली. म्हणजे शालच! मी तिला म्हटलं, ती जुनाट दिसते, आईला परत दे. हो म्हणाली. सुटले. आता आई मलाच देईल.

९ एप्रिल, संध्याकाळ
आई हिमानीकडे चहाला गेली आहे. आत्ताच हिमानीचा मेसेज — काकूंना थंडी वाजत होती, म्हणून त्यांची शाल त्यांनाच पांघरली. निघाल्यात.

आईला फोन लावला, तर तो इथेच टेबलावर वाजतोय.

खिडकी उघडत नाही —

दिसली. झेब्राच्या कडेला. हिरवी. डावीकडून टॅक्सी, रिकामी — काच बडवतेय, ऐकू जात नाही —

आई हात वर करून रस्त्यावर उतरली. गाडीकडे बघून हसतेय, आशीर्वा