आधी नाव, मग पासवर्ड

पिआत्रा, मंगळवार

प्रिय इलिंका,

अजून हातून हेच नाव उमटतं, रागावू नकोस. बाबा बरे आहेत. उपासाचे दिवस, मांस-दूध बंद, रोज घेवडा नि कांदा, म्हणून कुरकुरतात. परवा जेवताना म्हणाले, "लेक संन्यासिनी झाली, तिलाच आता माता म्हणायचं, मग तू तिची कोण गं?" मी ताटं उचलली. तुझ्या दीक्षेला मी का आले नाही, हे त्यांना ठाऊक आहे. दीक्षेत नवं नाव देतात; आजीचं नाव तुझ्यावरून उतरताना मला बघवलं नसतं.

धर्मप्रांताच्या कचेरीत मी अन्नछत्राचा हिशेब बघतेच. आता मठ, तुझा दवाखाना, वृद्धाश्रम, सगळ्यांचे संगणक एकमेकांना जोडलेत, आणि कुणाचं नाव किंवा पासवर्ड बदलायचा तर आमच्याच मुख्य यंत्रावर. ते सांभाळणारा डोरू रजेवर निघाला, म्हणून त्यानं मला शिकवलं. पहिलंच काम तुझ्या मठाचं निघालं. इलिंकाच्या जागी तेओफाना.

माझा हात पुढे होईना. नाव पुसलं तर तिच्या रोग्यांच्या नोंदी कुठे जातील, विचारलं. डोरू हसला. "मावशी, यंत्र नावानं ओळखतच नाही कुणाला. आत प्रत्येकाचा एक क्रमांक असतो, पहिल्या दिवशी दिलेला. नाव बदला, पासवर्ड बदला, तो हलत नाही. तिचं ते तिचंच राहतं." मी क्रूसाची खूण केली नि बटण दाबलं. "बटण आहे ते, धूपदान नव्हे," म्हणाला मेला. मग दवाखान्यात फोन केला, तर तेओफाना तिथल्या यंत्रावर आधीच पोचलेली. वृद्धाश्रमातही. आणि तुझी एकही नोंद हरवली नव्हती. नाव पडण्याआधीपासून देव आपल्याला ओळखतो, असं लहानपणापासून ऐकलं होतं. म्हणजे कसं, ते त्या खुर्चीत बसून कळलं.

आता कामाचं. नव्या नावाचा पहिला पासवर्ड मी ठरवलाय. तो घातलास की यंत्र तुझा स्वतःचा मागेल. तोवर नोंदी तुला उघडणार नाहीत. तो लिहायचा नाही, फोनवर सांगायचा नाही, ज्याचा त्याच्या कानात, असा नियम आहे. तुला तो सांगायला कचेरीतलं मठाकडे जाणारं कुणी बघतो, असं डोरू म्हणत होता. मी एरवी बसभाडं वाचवते, पण या वेळी त्याला नको म्हटलं, मीच जाते. शनिवारी पहिल्या बसनं येते. फाटकावर कोण हवंय विचारतील, तेव्हा मला तुझं नवं नाव घ्यावं लागेल. तोंडातून निघायला वेळ लागला, तर आतून धावत येऊ नकोस. मला म्हणू दे.

तुझीच,
आई