अंतिम सामन्याची कॅसेट

बुसैतीन, बहारीन
शुक्रवार, ११ नोव्हेंबर १९९४

प्रिय अश्वजित,

सप्रेम जयभीम. आम्ही तिघं इथे बरे आहोत. संघप्रियाची कंबर आता ठीक आहे. अक्षता तिसरीत गेली, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. उकाडा एकदाचा सरला, संध्याकाळी गच्चीवर बसता येतं. तुझ्या गुडघ्याला आराम असेल. दरवर्षीप्रमाणे नीकॅपची जोडी घेऊन ठेवली आहे, कुणी रजेवर निघालं की पाठवतो. भागीरथा वहिनींना आणि मुलांना जयभीम सांग.

झाली खुशाली. आता ऐक. तू आपल्या कॉलेजचं नाक कापलंस.

समाधानची बायको सुरेखा परवा रजेवरून परत आली आणि तू दिलेली कॅसेट तिने हातात दिली. आमचा नेम तुला ठाऊक आहे. अकरा वर्षं तू आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या अंतिम सामन्याला भोंग्याखाली टेपरेकॉर्डर ठेवून धावतं वर्णन भरतोस, आणि कॅसेट इथे पोचेपर्यंत निकाल कुणी विचारायचा नाही, कुणी सांगायचा नाही. घरी फोन लावला तरी आधी बजावायचं, कबड्डीचं सोडून बोला. आज शुक्रवारची सुट्टी, ड्यूटी मफी. कॉलेजचे आम्ही नऊ जण समाधानच्या मनाम्यातल्या खोलीवर जमलो. सुरेखाने मटण शिजायला ठेवलं होतं. टेप फ्रीजवर ठेवला आणि सगळे खाली सतरंजीवर.

मध्यंतराला आपण चार गुणांनी मागे. मग मुनाफने काय चढाया केल्या रे! वर्णन करणाऱ्याचा घसा बसला. एका चढाईत त्याला तिघांनी उचलून आपटला, "मुनाफ खांद्यावर पडलाय... उठला, उठला, हात झटकतोय!" आमच्या खोलीत नऊ माणसं उभी राहिली. मी तर ओरडलो, कप्तान असावा तर असा. चार मिनिटं बाकी, दोनच गुणांचं अंतर. आणि टाइमआउट.

त्या गोंगाटात, वर्णनाच्या आड, तुझा आवाज आला. "मुनाफ, बस खाली. मी सांगतोय ना, बस." तुझा आवाज ओळखायला मला कान टवकारावे लागत नाहीत.

आणि त्याच्या जागी उतरवलंस कुणाला? संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याला! पहिल्याच चढाईत बाळराजे मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर पकडले गेले. मग उरलेले एकेक करत बाद झाले, लोण चढला, सामना गेला. समाधानने टेप बंद केला. दुसऱ्या बाजूला दरवर्षी तुझी खुशालीची बडबड असते, ती या वेळी कुणी लावली नाही. तुझा आवाज आज पुरेसा ऐकला होता. मटण तसंच राहिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि ती उतरायचं नाव घेत नाही. शेवटच्या चार मिनिटांत कुणी कप्तानाला बसवतं का? क्रीडा संचालकाची खुर्ची तुला एवढी प्यारी झाली? मॅट्रिकपासून आपण एकत्र खेळलो, एकाच वसतिगृहात राहिलो, एका ताटात जेवलो. कुणापुढे मान तुकवायची नाही हे तूच मला शिकवलंस. आणि आता अध्यक्षांच्या घरचं पोर चमकावं म्हणून संघ पणाला लावतोस?

मुनाफचा व्हिसा मी इथे हिद्दच्या गोदीत लावून दिला तो तुझ्याच शब्दावर. दोन महिन्यांत तो इथे वेल्डिंग करत असेल. म्हणजे कॉलेजसाठी त्याचा हा शेवटचा सामना होता, आणि तो तू त्याला बाकावर बसून बघायला लावलास. त्याच्या मनावर काय कोरलं गेलं असेल याचा विचार केलास?

अक्षता म्हणते, "पप्पा, इट्स ओन्ली अ गेम." तिला म्हटलं, तुझ्या बापाला गावात चार माणसं ओळखतात ती या गेममुळे. जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हा आम्ही इथल्या अरबांनासुद्धा पेढे वाटले. का? तिथून निघून आलो तरी ते आपलं आहे म्हणून. कॉलेजचंही तसंच आहे. निष्ठा व्हिसावर संपत नाही.

तू म्हणशील, लहू, त्र्याऐंशीच्या अंतिम सामन्याला तू तरी कुठे मैदानात होतास. माझा घोटा मुरगळला होता, हे साऱ्या कॉलेजला माहीत आहे. त्या गोष्टीचा इथे संबंध नाही.

पंधरा दिवसांत मला खुलासा हवा. नाही आला तर आम्ही नऊ जण अध्यक्षांना लिहिणार.

तुझा, अजून तरी तुझा,
कप्तान लहू


बुसैतीन
शुक्रवार, २५ नोव्हेंबर १९९४

अश्वजित,

जयभीम.

पंधरा दिवस झाले. टपालाला आठ दिवस लागतात हे मला सांगू नकोस, कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन करता आला असता. तू मूग गिळून बसलास, त्याचा अर्थ मी लावला आहे.

पत्र काल गेलं. समाधानने ऑफिसात टाइप केलं, त्यावर आम्हा नऊ माजी खेळाडूंच्या सह्या आहेत. अध्यक्षांच्या नात्यातल्या खेळाडूसाठी कप्तानाला बसवून संचालकांनी संघाशी बेइमानी केली, सबब त्यांना पदावरून दूर करावं, नाहीतर आम्ही हे वर्तमानपत्रात देऊ, असं लिहिलं आहे. तुझ्यापासून लपवायचं काही नाही, म्हणून कळवतो.

समाधान सही करताना घुटमळला. म्हणाला, "लहू, एकदा फोन तरी लाव ना त्याला. अश्वजित तसा माणूस न्हाई." मी म्हणालो, माझ्या कानांनी ऐकलंय, खलास. मग त्याने सही केली. बाकीच्यांनी माझ्या तोंडाकडे बघून केली.

मुनाफचं काम मात्र नीट पार पडलं. एजंटचा माणूस सांगत होता की मुंबईला त्याचं मेडिकल झालं, पास झाला. सामन्याच्या तिसऱ्याच दिवशी होतं म्हणे. एवढ्या अपमानानंतर तो पोरगा उठून मुंबईला गेला, याचं मला कौतुक वाटतं.

नीकॅप पाठवत नाही.

लहू


बुसैतीन
शुक्रवार, ३० डिसेंबर १९९४

अश्वजित, मित्रा,

जयभीम. आज खुशाली लिहायला मला तोंड नाही.

मागच्या शुक्रवारी मुनाफ आला. विमानतळावरून मीच त्याला घरी जेवायला आणला. आल्या आल्या त्याने पिशवीतून बरणी काढली, भागीरथा वहिनींनी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. माझं डोकं पुन्हा सणकलं. मी या माणसाला खुर्चीवरून खेचायला निघालोय आणि हा मला चटणी पाठवतो?

मी मुनाफला म्हणालो, तुझ्या सरांनी तुला बसवलं, त्याचा जाब आम्ही विचारलाय, तू मनाला लावून घेऊ नकोस. त्याने घास ताटात ठेवला.

"चाचा, सरांनी बसवलं म्हनून तर मी आज इथं हाये," तो म्हणाला. "खांदा निखळायला आल्ता. मी म्हनलो, सर, खेळतो. सर म्हनले, सोमवारी मेडिकल हाये, आनखी एकदा पडलास तर हात गळ्यात बांधून जाशील, तुला कोन पास करंल? मला रडू आलं चाचा. एवढी मान्सं बघायलेली."

मी विचारलं, मग तो भाचा?

"राखीव पाच. त्याच्यात चढाईवाला तेवढा एकच. बाकीचे पकडवाले. सर दुसऱ्या कोनाला काढतील?"

नऊ माजी खेळाडू, आणि एकालाही हा साधा प्रश्न सुचला नाही. सुचणार कसा, मी सुचू दिला नाही.

मग तो पोरगा हसून म्हणाला, "मला चूप करायला सर तुमचीच गोष्ट सांगत व्हते. म्हनले, आपल्या लहूलाबी मी असंच बसवलं व्हतं. घोटा टम्म सुजलेला, तरी गडी मैदानाकडं निघाला व्हता. मी वढून बसवला, म्हनून आज मोठा मानूस झाला."

संघप्रिया माझ्याकडे अभिमानाने बघत होती. मी ताट बाजूला सारलं.

घोटा सुजला नव्हता, अश्वजित. मुरगळलाही नव्हता. तुला माहीत आहे. आपलं दोघांचं इथल्या नोकरीचं मेडिकल सोमवारी, सामना शनिवारी, आणि समोरचा संघ हाडं मोडणारा. मी दुपारी वसतिगृहाच्या जिन्यावर बसलो आणि घोटा धरून ओरडलो. तू धावत आलास. पट्टी तूच बांधलीस. बांधण्याआधी तू बोटांनी घोटा चहूकडून दाबून बघितलास, आणि तुझी बोटं थांबली. मी मान फिरवली. मग तू काही न बोलता पट्टी गुंडाळत गेलास, घट्ट, चांगली चार पदरी. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तुला कळलं नसेल.

माझ्या जागी तू चढाया केल्यास. तुझा गुडघा गेला. सोमवारी मुंबईला मी एकटा गेलो. तुझ्या नावाची हाक झाली तेव्हा तो येणार नाही असं मीच सांगितलं. आणि तेव्हापासून तुला नीकॅप पाठवून मी मोठा दाता झालो.

मला तुझाही राग आलाय, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. का नाही बोललास? माझं पहिलं पत्र मिळाल्यावर एक ओळ लिहायची होतीस, पट्टी आठवते का, म्हणून. मी जागच्या जागी गप्प झालो असतो. तुला हे चांगलं माहीत होतं, तरी लिहिली नाहीस. कसली ही सज्जनकी? तुझं पद गेलं ना त्यात! मुनाफ सांगतो, आमच्या धमकीने अध्यक्ष घाबरले आणि स्वतःवरचा डाग पुसायला त्यांनी तुला संचालकपदावरून काढून ग्रंथालयात बसवलं. मैदानावर वाढलेल्या माणसाला पुस्तकांवर शिक्के मारायला लावले, आणि ते माझ्या सहीने.

खुलासा मागत होतो मी. तो माझ्या घरातच होता. परवा कॅसेटची दुसरी बाजू लावली. तुझा तोच ठेका. "लहू, हरलो रे. तू भडकशील. मुनाफचा खांदा दुखावलाय, परवा मेडिकल आहे, म्हणून बसवला. पोरगा तिकडे आला की त्याला सांभाळून घे. माझा गुडघा ठीक आहे, नीकॅप पुरे आता, तीन जोड्या पडून आहेत." एवढंच. मग वहिनी हसतात आणि टेप संपतो. सात आठवडे ती कॅसेट माझ्या कपाटात कपड्यांखाली पडून होती. तू सांगून मोकळा झाला होतास, आणि मी तुझ्यावर मूग गिळल्याचा आरोप करत होतो.

आज समाधानच्या खोलीवर सगळ्यांना बोलावलं आणि त्र्याऐंशीची गोष्ट सांगितली, खरी. सुरेखा आत निघून गेली. समाधान म्हणाला, "म्हंजे आमच्या सह्या तुझ्या घोट्यावर घेतल्यास तू." मी हो म्हणालो. त्याने ऑफिसातून आणलेल्या टाइपरायटरमध्ये कागद घातला आणि नऊ जणांची माघार टाइप केली. माझ्या सहीखाली मी हाताने लिहिलं की बेइमानी संचालकांची नव्हती, त्र्याऐंशीच्या कप्तानाची होती. ते पत्र उद्या अध्यक्षांना रजिस्टर्ड जाईल. त्याने तुझं पद परत मिळेल की नाही मला माहीत नाही. मोडलेलं सांधायला मी तिथे नाही, तिथे कधीच नव्हतो.

सोबत कॅसेट पाठवतो आहे. तिच्यात कबड्डी नाही, माझा आवाज आहे. जे आज खोलीत सांगितलं तेच, नावानिशी, तारखेसकट. गॅदरिंगच्या दिवशी मैदानावरच्या भोंग्यावर लाव. आपल्या वेळचे सगळे येतात, त्यांनी ऐकलं पाहिजे. तू लावणार नाहीस, मला माहीत आहे. मला सांभाळण्याची तुझी खोड जायची नाही. म्हणून दुसरी प्रत मी मुनाफच्या भावाकडे धाडली आहे, आणि मुनाफने त्याला दिवस आणि वेळ बजावली आहे.

त्या दिवशी भोंग्याखाली उभा राहा. कुणी विचारलं तर खरं ते सांग. या वेळी पट्टी बांधू नकोस.

घोटा शाबूत असलेला,
लहू