मालोजीची जागा

२ फेब्रुवारी
पुण्याहून आलो. हेब्बाळमध्ये फ्लॅट मिळाला, खिडकीतून तळं दिसतं. आज नोकरीवर रुजू झालो, एकूण झकास. आमची कंपनी चेहरा पाहून दार उघडणारी यंत्रणा बनवते. ऑफिसला तीच, माझ्या इमारतीलाही तीच. कोड मात्र घाबरटांनी लिहिलाय. एकदा ओळखलेलं नाव मेमरीत जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी अक्षरं न जुळवता नुसती जागा जुळवतात. जागा तीच, तर माणूस तोच. इतकं सोपं. पण दर वेळी आधी तपासायचं, की तिथे जुनंच नाव आहे, का ते पुसून दुसरं आलंय? या भित्रेपणापायी दार रेंगाळत उघडतं.

५ फेब्रुवारी
तपासणी उडवली. टीमच्या प्रमुख भार्गवी अक्का (इथलंच जुनं मराठी घराणं, मराठीत निम्मं कन्नड) म्हणाल्या, स्वल्प थांब की रे प्रणीत, मालोजीचं नाव पुसून त्याच जागेत तुझं बसवलंय. मालोजी म्हणजे माझ्या आधीचा, दिवाळीत तळ्यात बुडाला तो. मेलेल्या माणसाला घाबरून कोड लिहितात, धन्य आहे. दार आता झटकन उघडतं. आभार कोणी मानले नाहीत, ती अक्कल इथे नाही.

१० फेब्रुवारी
दारावरच्या पडद्यावर ‘मालोजी, या’. वॉचमनही तेच म्हणाला. पगार घेतो, नावं लक्षात ठेवत नाही.

१२ फेब्रुवारी
आज अक्काही मालोजी म्हणाल्या. झापलं, तर विचारतात, मग काय म्हणू? सगळे नंदीबैल. बूट ओले झालेत. तळ्याकडे मी गेलोच नव्हतो.

१३ फेब्रुवारी
वॉचमन सांगतो, प्रणीत सर सकाळीच बॅग घेऊन पुण्याला गेले. मी समोर उभा असताना. मूर्ख. पण कपाट रिकामं आहे. मला भीती वाटतेय.

१४ फेब्रुवारी
तपासणी परत घातली — निमूटपणे. तेव्हापासून एकही दार मला उघडत नाही. पडद्यावर ‘मालोजी, हे नाव पुसलेलं आहे’. पायरीवर बसून लिहितोय. अंगाला शेवाळ्याचा वास —

पुन्हा १४
आईला फोन लावला. आवाज ओळखला नाही तिनं. खुशीत होती. म्हणाली, प्रणीत आलाय, जेवायला बसलाय, आपण कोण? मी म्हटलं, आई, तो नाही — ताट काढून घे — आई, मी आहे, मी तुझा मालो —