फुंकरीचं सेटिंग

गुरुवार, संध्याकाळ. भांडुप

वाट लावली मी. बाबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. छातीचं दुखणं लागल्यापासून बंद. आज माझं फुंकून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य त्यांच्या हातात दिलं. फुंकले, पण काहीच वाजेना. त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी गुपचूप फुंकरीचं सेटिंग इतकं हलकं केलं की नुसत्या श्वासावर भरदार सूर निघावा.

आणि निघाला! बाबांनी झकास तुकडा वाजवला. मी तो लूपवर टाकला, तो आपोआप पुन्हा पुन्हा वाजत राहिला आणि ते त्यावर पुढचं वाजवत गेले. मग म्हणाले, "बघ रे, माझो दम परत इलो! उद्या डॉक्टर कित्याक?" लगेच फोन करून अपॉइंटमेंट रद्दही केली.

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? सेटिंग पुन्हा जड केलं तर न सांगताच कळेल. पण असं कळू द्यायचं?

बाबा खुशीत वडे आणायला खाली गेले होते, आत्ता आले. दार उघडलं तर एका हातात पुडी, दुसरा हात जिन्याच्या कठड्यावर. जिना चढून जोराची धाप लागलेली. कठड्यावरची बोटं मात्र तोच तुकडा वाजवत होती.