वाईच्या तंबोऱ्याची जवारी

३ जून, मिरज
वाईच्या बाईंचा फोन. रविवारी औंधला त्यांचं गाणं. "तुमच्या वडिलांनी लावून दिला होता अगदी तसाच हवा हं तंबोरा." हो म्हणालो. तंबोरा दुकानात दुरुस्तीला आलाच आहे. आब्बा गेल्यावरची माझी पहिली जवारी. तारांखालची जुनी घोडी चिरलीय, नवी घासून तारांना ती गुंज आणायची. घोडीचं हाड एकदा घासलं की परत येत नाही.

४ जून
आठवलं! वाद्य दुकानाबाहेर पडण्याआधी आब्बा छोट्या रेकॉर्डरवर त्याचा आवाज धरून ठेवायचे. कार्ड सापडलं. 'वाई' नावाची फाइल आहे. फोन म्हणतो, चालणार नाही. नावाच्या शेवटी एमपी थ्री लिहून बघितलं. ढिम्म. कॉम्प्युटरवर तीच तऱ्हा.

५ जून
नेटवर फाइल फुकट बदलून मिळाली. वाजली!! पहिलंच मिनिट देतात, पुढचं हवं तर पैसे भरा. मिनिट रग्गड झालं. एका कानात इअरफोन, हातात कानस, दिवसभर घासली. जुळली. फरक काढून दाखवा म्हणावं.

आम्मी इद्दतीत, आब्बा गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत असते. पडद्याआडून म्हणाली, "कोरडा लागतोय रं."
मी खेकसलो. "आब्बांच्या फाइलशी जुळवलाय. तुला काय कळतंय त्यातलं?"
तिनं आत भांडी आवरायला घेतली.

६ जून
सकाळी बाईंना फोनवरून ऐकवला. त्यांनी पुन्हा एकदा छेडायला लावला. मग, "बघा बाबा, अजून एक दिवस आहे." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. फाइल तीच, आवाज तोच, मग चुकलं कुठं? गावात बोलायला लागतीलच, म्हातारा गेला, दुकान संपलं.

सांगलीच्या नसरीनला, चुलत बहिणीला, मूळ फाइल पाठवली. स्टुडिओत कामाला असते. "फुकटातलं अर्ध्यावर तोडत्यात गड्या. आख्खी बदलून देते, थांब."

७ जून
आली. पहिलं मिनिट तेच. मग तारा थांबतात, आणि आब्बा. तीन महिन्यांनी त्यांचा आवाज.
"ऐकलंस का गं?"
लांबून आम्मी, "कोरडा लागतोय आवं. आजून एक हात."
कानस. तारा. "आता?"
"न्हाई."
पुन्हा कानस. मग जो तंबोरा बोलला, तो वाईचा.
"व्हय. आता हात काढा."

म्हणजे मी अर्धवट कामाशी जुळवत बसलो होतो. आणि जिनं शेवटचा शब्द द्यायचा तिलाच गप्प केलं. लाज वाटली, रडूही आलं. इतकी वर्षं त्याच दुकानात बसून मला हे माहीत नव्हतं.

परवा घासलेली घोडी आता सुधारण्यातली नव्हती, दुकानात एकच नवी उरली होती. दुपारपर्यंत तीही घासली, चढवली. तंबोरा न्यायला बाईंची गाडी वाईहून निघालीय. तंबोरा उचलून पडद्याशी नेला. फाइल लावली नाही. तारा छेडल्या.
"आम्मी, ऐकलंस का गं?"
आत भांड्यांचा आवाज थांबला. मी छेडतोय अजून.