फ्रीज बंद केल्यावर

ती. बाबा,

लेकीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा आता कसा आहे?

मेंदूच्या संशोधनासाठी विद्यार्थी तयार करायचं माझं काम चालू आहे. त्यातल्या एकाने परवा शोधून काढलं, की आमच्या साहेबांनी मेंदूच्या पेशींचे म्हणून गाजवलेले विजेचे संकेत शेजारच्या फ्रीजमुळे येतात. फ्रीज बंद केला की तेही बंद! मी स्वतः पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

आज त्याला सगळ्या विभागासमोर बोलायचं होतं. दाराशी तो म्हणाला, "मॅडम, फ्रीजचं गाळू का?"

"गाळायचंच असेल तर इथे शिकायला कशाला आलास?" मी म्हटलं आणि दार उघडलं.

तो सगळं बोलला. साहेब पहिल्याच रांगेत होते. "हे बोलायला तुला कुणी सांगितलं?"

मी उठले. तेवढ्यात पोरगाच म्हणाला, "कुणी नाही, सर. चला, बंद करून दाखवतो."

साहेब उठून त्याच्या मागोमाग गेले.

माझ्या नोकरीचं काय ते कळेलच, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. पोरगा तयार झाला, बाबा.

तुमची,
धाकटी